सस्क्वेहॅनॉक भाषेची एकमेव शब्दयादी कशी वाचायची?

नदीकाठ (प्रश्न)

उत्तर अमेरिकेतल्या सस्क्वेहॅनॉक लोकांवर आणि त्यांच्या भाषेवर मराठीत एक सविस्तर नोंद लिहायला घेतली आहे. सस्क्वेहॅना नदीच्या खोऱ्यातले, म्हणजे आजच्या पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधले हे लोक. भाषा इरोक्वोइयन कुळातली आणि आज ती बोलणारं कोणी नाही, इथपर्यंत सगळं ठीक आहे. पुढे चार ठिकाणी अडलंय.

एक, नावं. कुठे मिंक्वा, कुठे आंदास्त, कुठे कोनेस्टोगा. हे सगळे एकच का? नोंदीचं शीर्षक कोणतं ठेवावं?

दोन, भाषेचा सगळा पुरावा म्हणजे योहानेस कंपानियस या स्वीडिश पाद्र्याने १६४०च्या दशकात टिपलेली जेमतेम शंभरेक शब्दांची यादी. पण छापील यादीवर ‘माहाकुआसिका’ असं लिहिलंय. ते ‘मोहॉक’ या उत्तरेकडच्या वेगळ्या इरोक्वोइयन लोकांच्या नावासारखं वाटतं. मग ही यादी नक्की सस्क्वेहॅनॉकच कशावरून?

तीन, त्या यादीतले एक ते दहा अंक मी देवनागरीत असे उतरवले: ऑन्स्कॅट, तिग्गेने, ॲक्से, राइएने, विस्क, जाइआक, त्झाडाक, तिकेरोम, वाडेरोम, आस्सान. मोहॉक अंकांशी ताडून पाहिले तर निम्मे जुळतात, निम्मे नाहीत. शिवाय इरोक्वोइयन भाषांत ‘म’ नसतो असं सगळीकडे वाचलं, आणि इथे तर दोन अंकांच्या शेवटी ‘म’ आहे.

चार, ‘१७६३ साली ही जमात नामशेष झाली’ हे वाक्य जागोजागी सापडतं. ते तसंच घ्यावं का?

---

शब्दवेध

नावांचं आणि त्या शीर्षकाचं मी सांगतो. अंकांवर दुसरं कोणी लिहील, नाहीतर रात्री मी लिहितो.

चारही नावं एकाच लोकांची आहेत. फरक इतकाच की युरोपियनांनी ती वेगवेगळ्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकली. १६०८मध्ये जॉन स्मिथ चेसापीक उपसागराच्या उत्तर टोकाला पोचला तेव्हा त्याच्याबरोबरचा दुभाषा पोहॅटन लोकांची भाषा जाणणारा होता. सस्क्वेहॅनॉकांशी बोलायला त्याला टॉकवॉ लोकांपैकी आणखी एक दुभाषा मध्ये घ्यावा लागला. पोहॅटन आणि टॉकवॉ दोघेही अल्गोंकियन, म्हणजे इरोक्वोइयनहून वेगळ्या कुळातल्या भाषा बोलणारे. त्यामुळे ‘सस्क्वेहॅनॉक’ हे नाव इरोक्वोइयन नाहीच, ते शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. डेलावेअर नदीवरच्या डच आणि स्वीडिश वसाहतवाल्यांनी तिथल्याच लेनापे लोकांकडून ऐकलं ते ‘मिंक्वा’. तेही अल्गोंकियनच. फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी ह्युरॉन या दुसऱ्या इरोक्वोइयन लोकांकडून ऐकलं ते ‘आंदास्तोगे’, त्याचंच पुढे ‘आंदास्त’ झालं. ‘कोनेस्टोगा’ आणि ‘आंदास्तोगे’ शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा, मूळ एकच आहे हे कानालाच कळतं. इरोक्वोइयन मुळाची नावं ती ही दोन.

शीर्षक ‘सस्क्वेहॅनॉक’च ठेवा, कारण आजच्या बहुतेक लिखाणात तेच आहे. पण १६९०नंतरचा मजकूर लिहिताना ‘कोनेस्टोगा’ वापरा. त्या काळाच्या कागदपत्रांत गावाचं आणि लोकांचं नाव तेच येतं. मध्येच नाव का बदललं ते एका वाक्यात सांगा, नाहीतर वाचणाऱ्याला दोन जमाती वाटतील.

दोन ठिकाणी लोक हमखास घसरतात. डच कागदांत ‘काळे मिंक्वा’ असा उल्लेख येतो. ते पश्चिमेकडचे वेगळे लोक, त्यांना यात मिसळू नका. आणि अठराव्या शतकात ओहायो खोऱ्यात जे ‘मिंगो’ म्हणून ओळखले जायचे ते मुख्यतः तिकडे सरकलेले सेनेका, केयूगा वगैरे इतर इरोक्वोइयन लोक. नावाची नाळ ‘मिंक्वा’शी जुळते, पण लोक तेच धरून चालत नाही. या नावांचे अर्थ देण्याच्या भरीस तर अजिबात पडू नका. प्रत्येक नावाच्या तीन-तीन व्युत्पत्ती फिरत आहेत आणि त्या एकमेकींशी पटत नाहीत.

आता ‘माहाकुआसिका’. कंपानियस १६४३ ते १६४८ या काळात न्यू स्वीडन वसाहतीत पाद्री होता. त्याचं मुख्य काम होतं लेनापेंसाठी ल्यूथरच्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीचं भाषांतर. ते पुस्तक स्टॉकहोममध्ये छापलं गेलं १६९६ साली, आणि कंपानियस वारला १६८३ला. म्हणजे छापताना तो स्वतः हयात नव्हता, आणि शब्द टिपल्याला जवळपास पन्नास वर्षं लोटली होती. आपली यादी ही त्या लेनापे पुस्तकाला जोडलेली पुरवणी आहे. डच-स्वीडिश वापरात मोहॉकांना ‘माक्वा’ आणि यांना ‘मिंक्वा’ म्हणत. हे दोन शब्द एकमेकांत मिसळायला फार काही लागत नाही. त्यामुळे त्या शीर्षकावरून निर्णय करू नका. न्यू स्वीडनच्या क्रिस्टिना किल्ल्यावर, म्हणजे आजच्या विल्मिंग्टनला, बीव्हरची कातडी घेऊन कोण येत होतं? मिंक्वा. मोहॉक उत्तरेला, त्यांचा व्यापार हडसन नदीवरच्या डचांशी. हा झाला बाहेरचा पुरावा. आतला पुरावा अंकांमध्येच आहे.

---

ध्वनिचिन्ह

अंकांवर मी लिहितो. जरा लांबेल, पण या यादीचं खरं मोल इथेच आहे.

आधी स्वीडिश लिपीचं सोंग उतरवा. कंपानियसचे कान स्वीडिश आणि अक्षरंही स्वीडिश वळणाची. रोमन ‘जे’ हा त्याच्याकडे ‘य’ असतो. तेव्हा ‘जाइआक’ नाही, ‘यायाक’. मोहॉकमध्ये सहाला साधारण ‘यायाक’च म्हणतात, शेवटच्या ‘क’च्या आधी स्वर घशात तोडून. म्हणजे तुम्ही न जुळणाऱ्यांत टाकलेला हा अंक तंतोतंत जुळणारा आहे.

तीनसाठी तुम्ही ‘ॲक्से’ लिहिलंय. तिथे मूळ रोमन ‘एक्स’ आहे. मोहॉक ‘आह्सें’. या भाषांत ‘स’च्या आधी येणारा ‘ह’ ठसठशीत उच्चारतात. व्यंजनाआधीचा असा ‘ह’ ऐकायची-लिहायची युरोपियनांना सवय नव्हती, म्हणून कोणी तो गाळला तर कोणी त्याचा ‘क’ केला. तेव्हा ‘आक्से’ हे ‘आह्से’ म्हणून वाचा. सातचा ‘त्झाडाक’ म्हणजे ‘त्सादाक’. आणि ‘ट’, ‘ड’ या मूर्धन्य अक्षरांचा इथे काही संबंध नाही, ‘त’-‘द’ लिहा. त-द किंवा क-ग असा फरकही इरोक्वोइयन भाषांत अर्थ बदलत नाही. तिथे एकच ध्वनी आहे आणि तो स्वराच्या आधी मऊ ऐकू येतो. ‘तिग्गेने’मधला ‘ग’ आणि मोहॉक ‘तेकेनी’मधला ‘क’ हे म्हणून एकच.

आता तुमचा ‘म’. उत्तर इरोक्वोइयन भाषांत प, ब, म हे ओठ मिटून काढायचे ध्वनी नाहीत हे बरोबर. पण तिथे नासिक्य स्वर मात्र भरपूर आहेत, आणि स्वीडिश किंवा लॅटिन लिपीत नासिक्य स्वर लिहायला सोय नाही. लिहिणारा मग स्वरापुढे कधी ‘न’ टाकतो, कधी ‘म’. आपल्याकडे अनुस्वाराने हे काम एका टिंबात भागतं. ‘तिकेरोम’ आणि ‘वादेरोम’ हे ‘तिकेरों’ आणि ‘वादेरों’ वाचले की अडचण संपते. नियम असा ठेवा: ‘म’ शब्दाच्या शेवटी आणि स्वरानंतर असेल तर आधी नासिक्य स्वर समजा. ‘म’ किंवा ‘प’ शब्दाच्या सुरुवातीला किंवा दोन स्वरांच्या मध्ये असेल तर तो शब्द उसना असल्याचा संशय घ्या, बहुधा लेनापेकडून.

राहिला ‘राइएने’. मोहॉक चार म्हणजे ‘कायेरी’. माझ्या मते ही खिळे जुळवणाऱ्याची चूक आहे. हस्ताक्षरातला रोमन ‘के’ ‘आर’सारखा दिसतो आणि छोटा ‘आर’ छोट्या ‘एन’सारखा. दोन्ही दुरुस्त केले तर ‘काइएरे’ मिळतं आणि ते चपखल बसतं. अर्थात हा तर्क आहे. नोंदीत छापील रूपच द्या आणि दुरुस्त रूप शेजारी वेगळं दाखवा. दुरुस्ती मूळ म्हणून दिली तर पुढचा माणूस तीच उचलतो आणि छापील पुरावा काय होता ते कायमचं झाकलं जातं.

खरी मजा यानंतर आहे. नुसत्या मोहॉकशी ताडू नका. एका बाजूला ह्युरॉन ठेवा, दुसऱ्या बाजूला पाच राष्ट्रांपैकी, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, केयूगा, सेनेका या इरोक्वॉय संघातल्या लोकांपैकी, निदान तीन भाषा. ह्युरॉनसाठी गाब्रिएल सागारचा १६३२चा शब्दसंग्रह आहे, कंपानियसच्या आधीचा आणि जवळच्याच काळातला. एक, दोन, तीन, पाच हे अंक सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखेच आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नका. निकाल लागतो तो चार आणि सहा ते दहा या अंकांवर.

चार: ह्युरॉन ‘दाक’, मोहॉक ‘कायेरी’. आपला ‘काइएरे’ पाच राष्ट्रांकडे जातो.

सहा: ह्युरॉन नोंद ‘उआहेआ’च्या वळणाची, मोहॉक ‘यायाक’. पुन्हा पाच राष्ट्रं.

सात: ह्युरॉन ‘सोतारे’, मोहॉक ‘च्याता’, सेनेका ‘त्साताक’. आपल्याकडे ‘त्सादाक’. शेवटचा ‘क’ मोहॉकमध्ये नाही, सेनेका, केयूगा आणि ओनोन्डागात आहे. मोहॉक इथे पहिल्यांदा मागे पडते.

आठ: मोहॉकचा आठ ‘तेकों’ने संपतो, पण त्याच्या सुरुवातीला आणखी एक अवयव जोडलेला असतो आणि ‘र’ नसतो. केयूगात ‘तेक्रों’सारखं रूप आहे. आपल्याकडे ‘तिकेरों’. तो ‘र’ लक्षात ठेवा.

नऊ हा सगळ्यात बोलका. मोहॉक ‘त्योह्तों’, सेनेकाही जवळपास तेच, केयूगा ‘क्योह्तों’. आपला ‘वादेरों’ यांच्यापैकी कोणाशीच जात नाही. तो जातो फक्त ओनोन्डागाशी. आजच्या ओनोन्डागात त्यात ‘र’ ऐकू येत नाही, कारण त्या भाषेतून ‘र’ अठराव्या शतकात गळाला. पण गळण्याआधीच्या नोंदींत आठ आणि नऊ या दोन्ही अंकांत ‘र’ आहे. म्हणून विसाव्या शतकातला ओनोन्डागा कोश उघडून ताडलंत तर हे साम्य हातातून निसटतं. ज्या काळातली यादी, त्याच काळाच्या जवळची तुलना घ्या.

दहा: मोहॉक ‘ओयेरी’ पूर्ण वेगळा. ओनोन्डागा, सेनेका, केयूगा यांचा ‘वाह्शें’ किंवा ‘वाशें’च्या घरातला. सागारच्या ह्युरॉनमध्ये ‘आस्सान’, अगदी कंपानियससारखा, सुरुवातीच्या ‘व’शिवाय.

म्हणजे शीर्षकात काहीही छापलेलं असो, सात, आठ, नऊ, दहा हे चार अंक सांगतात की ही मोहॉक भाषा नाही. भाषा पाच राष्ट्रांच्या गटाकडे झुकते, अंकांत जुन्या ओनोन्डागाच्या सर्वांत जवळ. पण यावरून ‘सस्क्वेहॅनॉक ही ओनोन्डागाची बोली’ असं लिहू नका. दहा अंकांवर एवढी इमारत उभी राहत नाही, आणि अंक तर व्यापाराबरोबर हिंडणारे शब्द. ‘उत्तर इरोक्वोइयन, ह्युरॉनपेक्षा पाच राष्ट्रांच्या भाषांना जवळची’ हे वाक्य टिकाऊ आहे. भाषातज्ज्ञ मॅरिअन मिथुन यांनी १९८१मध्ये या यादीची नीट झडती घेतली, आणि कुळाबद्दल त्यानंतर शंका उरलेली नाही.

---

नदीकाठ

ध्वनिचिन्ह, आभार. ‘म’ आणि अनुस्वाराचं लगेच पटलं. आणखी एक: यादीतले बाकीचे शब्द वापरून भाषेच्या व्याकरणाबद्दल एखादा परिच्छेद लिहिता येईल का? इरोक्वोइयन भाषा क्रियापदांच्या लांबलचक रूपांसाठी प्रसिद्ध आहेत, म्हणून विचारतोय.

---

ध्वनिचिन्ह

नाही येणार. किंवा येईल तो दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

इरोक्वोइयन क्रियापद उपसर्गाशिवाय उभंच राहत नाही. कोणी केलं, कोणाला केलं, हे त्या उपसर्गातच असतं, आणि मग काळ, दिशा, पुनरावृत्ती यांचे थर चढतात. कंपानियसच्या यादीत हे बदलणारे थर दिसत नाहीत. एखादं रूप जसं कानावर पडलं तसं गोठून बसलेलं असतं, आणि तेच सगळ्या कर्त्यांना चालवलेलं असतं. हे व्यापारी कामचलाऊ बोलीचं लक्षण आहे. कातडी, कापड, बंदुकीची दारू यांच्या देवघेवीपुरती दोन्ही बाजूंनी सोपी केलेली भाषा. त्याच पुस्तकातला लेनापे मजकूरसुद्धा खऱ्या लेनापेत नसून डेलावेअर नदीवरच्या व्यापारी बोलीत आहे, हे भाषातज्ज्ञांनी दाखवलंय. तेव्हा पाद्रीबुवांना दोन्हीकडे तोच थर ऐकू आला यात नवल नाही.

नामांतसुद्धा सापळा आहे. अवयवांची नावं बोट दाखवून विचारली जातात. मोहॉकचं उदाहरण घ्या: पाय म्हणजे ‘ओह्सीता’. पण माझा पाय दाखवून विचारलं तर उत्तर ‘साह्सिताके’ येईल, म्हणजे ‘तुझ्या पायावर’. उत्तर देणाऱ्याने स्वतःचा पाय दाखवला तर ‘काह्सिताके’, ‘माझ्या पायावर’. टिपणारा तिन्ही वेळा वहीत ‘पाय’ एवढंच लिहितो. म्हणून कोणत्याही जुन्या इरोक्वोइयन यादीत अवयवाच्या शब्दासमोर आधी पाहायचं ते सुरुवातीला ‘क’ आहे की ‘स’, आणि शेवटी ‘के’सारखा तुकडा आहे का. हे सोलून काढल्याशिवाय दुसऱ्या भाषेशी ताडलं तर साम्य असूनही दिसत नाही.

व्याकरणाचा परिच्छेद न लिहिता यादी कशी बनली याचा परिच्छेद लिहा. तो खरा असेल आणि वाचकाच्या उपयोगाचाही.

---

मातीचे थर

भाषेच्या पलीकडे या लोकांबद्दल बरंच पक्कं ठाऊक आहे ते उत्खननांमुळे, म्हणून थोडी भर.

ते आधी उत्तरेला होते, सस्क्वेहॅनाच्या उत्तर शाखेवर, आजच्या पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्क सीमेजवळ. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाली लँकेस्टर काउंटीत उतरले. तिथे नदीच्या पूर्व काठावर एकामागून एक मोठी तटबंद गावं सापडली आहेत: शुल्ट्झ, मग वॉशिंग्टन बोरो, मग स्ट्रिकलर. पश्चिम काठावर लाइबहार्ट. एका वेळी बहुतेक लोक एकाच मोठ्या गावात राहत आणि वीस-पंचवीस वर्षांनी जागा बदलत. आसपासची जमीन मक्याने थकते, सरपण दूर जातं, तटाचे लाकडी खांब कुजतात. ही नावं आजच्या जमिनीची आहेत, गावांची मूळ नावं नव्हेत, हे नोंदीत स्पष्ट करा. जॉन स्मिथच्या १६१२च्या नकाशावर गावांची काही नावं आहेत, पण त्यांची या जागांशी सरसकट जोडी लावू नका.

कालनिश्चिती कशी करतात हे जरूर लिहा, कारण इथे कार्बन-१४ची पद्धत लंगडी पडते. साधारण १४८० ते १६४० या काळात कार्बनचं दुरुस्ती-वळण, म्हणजे मोजणीवरून कॅलेंडरचं वर्ष काढायचा आलेख, जवळजवळ सपाट आणि हेलकावणारं आहे, त्यामुळे एकाच नमुन्याला शंभर-दीडशे वर्षांच्या अंतराने दोन-तीन तारखा निघतात. १६५०नंतरही तीच गत. म्हणून काळ ठरतो तो युरोपियन काचेच्या मण्यांवरून. मण्याचा रंग, तो ओढून केला की तारेवर गुंडाळून, त्यावर पट्टे किती, यांनुसार किड दांपत्याने १९७०मध्ये केलेलं वर्गीकरण अजून वापरात आहे. पांढऱ्या मण्यांत रसायनसुद्धा मदतीला येतं. काच अपारदर्शक करायला आधी कथिल वापरत, सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अँटिमनी आलं. एक खबरदारी लागतेच: मणी पिढीजात जपले जातात. एकट्या मण्यावर तारीख ठरवत नाहीत, एका खड्ड्यातला सगळा ऐवज एकत्र धरतात.

मडक्यांची ओळख म्हणजे मातीत कालवलेले शिंपले. नदीतले शिंपले भाजून, कुटून मातीत मिसळत. खापराच्या तुटलेल्या कडेला त्याचे पांढरे पापुद्रे थरांनी बसलेले दिसतात. पण जमीन आम्लधर्मी असेल तर शिंपल्याचा चुना विरघळून जातो आणि खापर चपट्या भोकांनी भरलेलं, वजनाला हलकं हाती येतं. नवखा माणूस ते ‘वेगळ्या प्रकारची माती’ म्हणून बाजूला ठेवतो. भोकं चपटी आणि खापराच्या पृष्ठभागाला समांतर असतील तर तिथे शिंपलाच होता. वॉशिंग्टन बोरोच्या काळातल्या काही मडक्यांच्या जाड गळ्यावर माणसाचे चेहरे घडवलेले असतात. त्यानंतर मडकी साधी होत जातात आणि पितळी भांडी वाढतात. ती फुटली की पत्रा कापून बाणाची टोकं आणि दागिने करत, त्यामुळे उत्खननात अख्खं भांडं कमी आणि कातरलेले तुकडे फार.

आणि स्मिथने लिहिलंय की हे लोक राक्षसी उंचीचे होते, एकाची पोटरी पाऊण यार्ड घेराची. दफनांतल्या सांगाड्यांवरून असं काही दिसत नाही. वाक्य रंगतदार आहे म्हणून पुन्हा छापू नका.

---

तहनामा

चौथ्या प्रश्नाकडे येतो. ‘१७६३ साली नामशेष’ हे जसंच्या तसं घेऊ नका. त्या वर्षी जे झालं ते हत्याकांड होतं. ‘नामशेष झाली’ या क्रियापदात करणारा कोणी दिसतच नाही, आणि इथे करणारे माहीत आहेत.

क्रम असा लावा. सतराव्या शतकाच्या मध्यावर हे लोक या भागातली मोठी ताकद होते. १६५२मध्ये मेरीलँडशी तह केला. १६६१मध्ये देवीची साथ आली. १६६३मध्ये सेनेका, केयूगा, ओनोन्डागांची सुमारे ८०० जणांची फौज त्यांच्या किल्ल्यावर चालून आली आणि परतवली गेली. सस्क्वेहॅनॉकांजवळ युरोपियन तोफाही होत्या. १६७५मध्ये मात्र ते नदीचं खोरं सोडून दक्षिणेला मेरीलँडात, पिस्कॅटवे खाडी पोटोमॅकला मिळते तिथे येऊन राहिले. या सरकण्याचं कारण इतिहासकार वेगवेगळं देतात. कोणी उत्तरेकडच्या पराभवाला महत्त्व देतं, कोणी मेरीलँडच्या दबावाला. तुम्ही दोन्ही सांगा.

पोटोमॅकवरच्या त्या किल्ल्याचं वर्णन टिकलंय: चौकोनी, मातीचे उंच बांध, कोपऱ्यांना बुरूज, भोवती खंदक, बाहेर रोवलेल्या ओंडक्यांचा तट. सप्टेंबर १६७५च्या शेवटी व्हर्जिनिया आणि मेरीलँड या इंग्रज वसाहतींच्या मिलिशियाने, म्हणजे नागरिकांच्या फौजेने, वेढा घातला. सेनानी होते मेरीलँडचा थॉमस ट्रूमन आणि व्हर्जिनियाचा जॉन वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टनचे पणजोबा. वाटाघाटींसाठी बाहेर आलेल्या पाच प्रमुखांना मारण्यात आलं. मेरीलँडनेच पूर्वी दिलेलं मैत्रीचं पदक त्यांनी दाखवलं होतं. वेढा आठवडे चालला, मग आतले लोक एका रात्री पहारेकऱ्यांना मारून निसटले. ट्रूमनवर मेरीलँडच्या विधानसभेने महाभियोग चालवला. पुढच्या सूडसत्रातून व्हर्जिनियात १६७६चं बेकनचं बंड, म्हणजे वसाहतवाल्यांचं त्यांच्या गव्हर्नरविरुद्धचं बंड, पेटलं. इतिहासाच्या पुस्तकांत बंडाला पानं मिळतात आणि त्याआधीच्या या वेढ्याला एक ओळ. तुमच्या नोंदीत हे उलटं करा.

विखुरलेल्यांपैकी बरेच इरोक्वॉय राष्ट्रांत आणि लेनापेंत सामावले. काही जण १६९०च्या सुमारास परत येऊन कोनेस्टोगा गावात राहिले. १७०१मध्ये पेनसिल्व्हेनिया वसाहतीचा संस्थापक विल्यम पेन याने त्यांच्याशी तह केला.

त्या गावात १७६३पर्यंत वीस-बावीस माणसं उरली होती. इंग्रजांविरुद्ध मूळ रहिवाशांनी उठाव केलेल्या पाँटिअॅकच्या युद्धाची दहशत सीमेवर पसरलेली. १४ डिसेंबर १७६३ला पॅक्सटन या सीमावस्तीतून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने गावात सापडलेल्या सहा जणांना ठार मारलं. त्यांतला म्हातारा शिहेज १७०१च्या तहाला हजर होता, असं बेंजामिन फ्रँकलिनने लिहिलंय. बाहेर असल्यामुळे वाचलेल्या चौदा जणांना संरक्षणासाठी म्हणून लँकेस्टरच्या श्रमगृहात ठेवण्यात आलं. २७ डिसेंबरला टोळीने दरवाजा फोडून त्या चौदाही जणांना मारलं. त्यांत आठ मुलं होती. लँकेस्टरच्या शेरीफने मेलेल्यांची नावं लिहून ठेवली आहेत. कोणालाही शिक्षा झाली नाही. ते श्रमगृह तुरुंगाच्या आवारात होतं, आणि त्या जागेवर १८५२पासून फुल्टन नाट्यगृह उभं आहे.

आता तुमच्या वाक्याचं. मायकेल आणि मेरी नावाचं एक जोडपं लँकेस्टरजवळ ख्रिश्चन हर्शी नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यावर राहत होतं, ते वाचलं. १७६४मध्ये गव्हर्नर जॉन पेनने त्यांना संरक्षणाचा दाखला दिला. म्हणजे ‘शेवटचा सस्क्वेहॅनॉक १७६३मध्ये’ हे गावापुरतंसुद्धा खरं नाही. सेनेका, केयूगा, लेनापेंत गेलेल्यांची वंशावळ तर तिथे चालूच राहिली. असं लिहा: ‘१७६३च्या हत्याकांडात कोनेस्टोगाचा स्वतंत्र समाज संपवला गेला. वंशज इतर राष्ट्रांत आहेत. भाषा अठराव्या शतकात बोलली जायची थांबली.’ शेवटच्या भाषकाची तारीख देऊ नका.

---

शब्दवेध

तहनामा यांच्या मसुद्याला माझं पूर्ण अनुमोदन.

नदीकाठ, लिपीचं एवढंच राहिलं. अंकांचा तक्ता करताना तीन रकाने घ्या: छापील अक्षरांचं जसंच्या तसं देवनागरी रूप, स्वीडिश वळण काढून केलेलं वाचन, आणि तुलनेचे शब्द. पहिल्या रकान्यात ‘तिकेरोम’, दुसऱ्यात ‘तिकेरों’. ‘राइएने’च्या दुसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्हासह ‘काइएरे’. तुलनेच्या प्रत्येक शब्दासमोर भाषा आणि नोंदीचं शतक टाका, विशेषतः ओनोन्डागासमोर. इंग्रजी भाषांतरातून शब्द घेणार असाल तर कंपानियसच्या नातवाच्या १७०२च्या पुस्तकाचं द्यू पोन्सोने केलेलं १८३४चं भाषांतर सहज मिळतं, पण तिथपर्यंत यादी एकदा पुन्हा छापली गेली आहे आणि एका भाषांतरातून गेली आहे. जिथे १६९६ची छापील प्रत आणि ते जुळत नसतील तिथे १६९६ची धरा.